नव्या घराला किती अक्कल बसवायची? बिल्डरच्या 'स्मार्ट होम' पॅकेजबद्दल

गिरणगावकर

लालबागची आमची चाळ पाडून चार वर्षं झाली. दिवाळीनंतर ताबा देतो असं बिल्डर म्हणतोय. ४०५ चौरस फूट, विसावा मजला. गेल्या आठवड्यात सगळ्या भाडेकरूंना बोलावून 'स्मार्ट होम'चं पॅकेज दाखवलं. दिवे, पंखे, पडदे, दाराचं कुलूप, एक कॅमेरा दाराबाहेर आणि एक हॉलमध्ये, सगळं मोबाइलवर आणि आवाजावर चालणारं. १ लाख ८५ हजार, तेही ताब्याआधी भरले तर. निम्मे लोक तिथेच सही करून आले. मी थांबलोय. का, ते सांगतो.

सध्या आम्ही परळला भाड्याने राहतो. घरमालकाने हौसेने वायफायचे बल्ब लावलेत आणि पॅसेजमध्ये चाहूल लागली की दिवा लावणारा सेन्सर. बल्बला सतत वीज मिळायला हवी, म्हणून भिंतीवरचं बटण चालू ठेवून त्याच्यावर खाकी चिकटपट्टी मारलीय. पट्टीवर स्केचपेनने लिहिलंय, 'बंद करू नये'. जूनमध्ये गल्ली खोदताना इंटरनेटची केबल तुटली. रात्री अडीचच्या सुमाराला आई उठली. वय ७६. सेन्सरने आपलं काम केलं असेल, पण त्याचा निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि तिथून बल्बला हुकूम येतो. ती वाटच तुटलेली. मी उठून बघतो तर आई अंधारात भिंत चाचपत उभी आणि तिच्या बोटांखाली ती चिकटपट्टी. पडली नाही, हे नशीब. पट्टी मी त्याच रात्री उपटून टाकली.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. ज्या घराची अक्कल परक्याच्या सर्व्हरवर राहते, त्याला मी हुशार घर म्हणणार नाही. शिवाय तो सर्व्हर किती वर्षं चालेल याची हमी कोण देणार? अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा हब मिळायचा, घरातली सगळी उपकरणं एका जागेवरून चालवणारा, किंमत ३०० डॉलरच्या घरात. २०१४ मध्ये गूगलच्या नेस्टने ती कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवाच बंद केली. लोकांच्या घरातला धडधाकट डबा एका दिवसात निकामी. आम्ही चाळीत ज्या बटणांवर वाढलो ती बाबांनी १९७८ साली बसवली होती आणि चाळ पाडली त्या दिवशीही चालू होती.

माझं म्हणणं, पॅकेज घेऊच नये. तुमचं काय मत?

तारयंत्री

दादा, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण निष्कर्ष चुकतोय. मी ठाण्यात सोळा वर्षं वायरिंग आणि ऑटोमेशन करतोय. चिकटपट्टी मारून केलेलं काम हे कामच नव्हे. बल्ब हुशार करायचा नसतो, बटणामागची जागा हुशार करायची असते. बोर्डाच्या मागे छोटं मॉड्यूल बसतं, पुढे तुमचं नेहमीचंच बटण राहतं. नेट असो नसो, बटण दाबलं की दिवा लागतो. मोबाइल हा त्यावरचा जोड.

आणि सर्व्हरचा प्रश्न म्हणाल तर झिगबी, म्हणजे कमी विजेवर चालणारी एक बिनतारी पद्धत, तिची उपकरणं स्वतःचं वेगळं जाळं करतात, घरातला हब त्यांना हुकूम देतो, बाहेर जायची गरजच नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर नावाचं सामाईक मानक आलं. अॅपल, गूगल, अॅमेझॉन, सॅमसंग सगळे त्यात आहेत, आणि ते घरातल्या घरात चालावं अशाच बेताने आखलंय. एका कंपनीने दुकान बंद केलं तरी दिवा दुसऱ्या कंपनीच्या हबला जोडता येतो. हौशी लोक तर होम असिस्टंट हे मोफत सॉफ्टवेअर एका छोट्या संगणकावर घालून सगळं घर चालवतात.

पॅकेज घेऊ नका, हे मलाही पटतं. पण 'काहीच नको' म्हणून भिंती बंद करून घेतल्यात तर पस्तावाल. आत्ता प्लॅस्टर व्हायचंय. प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, ओढून घ्या. आपल्याकडे नुसत्या दिव्याच्या बोर्डात बरेचदा फेजच, म्हणजे वीज आणणारी तारच, आणलेली असते, न्यूट्रल वरच्यावर छतातून दिव्याला जाते. बहुतेक मॉड्यूलना न्यूट्रल लागते, मग पुढे ते लावायचं म्हटलं की भिंत फोडा. बोर्डाचा डबा खोल घ्या. हे काम आत्ता काही हजारांत होतं.

समुद्रपार

मी न्यू जर्सीत, आईबाबा गोरेगावला. दोघंच. बाबा ८१.

गिरणगावकर, तुम्ही रात्री उठून आईकडे जाऊ शकलात. मी नाही जाऊ शकत. बाबांना सकाळी साडेसहाला स्वयंपाकघरात दिवा लावून चहा टाकायची सवय. इथे तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे नऊ वाजलेले असतात. त्या बटणाला मी मॉड्यूल लावून घेतलंय आणि दिवा लागला की माझ्या फोनवर एक ओळ येते. बस, एवढंच. ती ओळ आली की मी भांडी घासायला घेते. फेब्रुवारीत एकदा पावणेआठ वाजले तरी आली नाही. फोन केला तर उचलेनात. शेजारच्या काकूंना उठवलं. बाबा पलंगाशेजारी बसलेले, साखर उतरली होती, आईला काही सुचत नव्हतं. काकूंनी साखरपाणी दिलं.

बाबांना वासही येत नाही आताशा. गॅसला मुद्दाम घातलेला तो उग्र दर्प त्यांच्यासाठी नसल्यासारखा. म्हणून ओट्याखाली गॅसचा सेन्सर आहे. भोंगा तिथे वाजतो, मला इथे कळतं. हे सगळं परक्याच्याच सर्व्हरवरून येतं आणि मला त्याचं काही वाटत नाही. ज्यांची माणसं एका हाकेवर आहेत त्यांनी परावलंबनाची चर्चा करावी. माझ्या घराला आठ हजार मैलांवरून हाक मारायची आहे.

तारयंत्री

ताई, मधेच बोलतो, कारण हे तातडीचं आहे. गोरेगावला सिलिंडर आहे की पाइप गॅस? ओट्याखालचा सेन्सर सिलिंडरसाठी बरोबर. तो गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, तो वर जातो. पाइप गॅस असेल तर सेन्सर छताजवळ हवा आणि तो मिथेन ओळखणाराच हवा. डब्यावर कोणता गॅस लिहिलाय ते आज बघायला सांगा.

समुद्रपार

पाइप गॅस दोन वर्षांपूर्वी आला. सेन्सर त्याआधीचा आहे. काकूंना फोन लावते.

कांजूरची लेक

आतापर्यंत इथे सगळे घरमालकाच्या किंवा त्याच्या मुलांच्या बाजूने बोलले. माझी आई २२ वर्षं घरकाम करते, सध्या पवईत तीन घरी.

गेटवर तिला सहा आकडी कोड आहे. तो टाकला की तिन्ही घरी निरोप जातो, अमुक वाजता आत, अमुक वाजता बाहेर. लिफ्टला रांग असली तरी घड्याळ गेटपासून धावतं. एका घरी स्वयंपाकघरात कॅमेरा आहे. ती सांगते, त्या घरी पाणी प्यायचं असेल तर मी उभ्यानेच पिते. बसलेली दिसले तर दुपारी फोन येतो, बरं नाही का म्हणून. मालकीणबाई प्रेमाने विचारतात, हे आईही मान्य करते. पण त्या घरी ती बसत नाही. बाकी दोन घरी बसते.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही झाला. पण एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला तो लागूच होत नाही. म्हणजे माझी आई दिवसाचे तीन तास ज्या कॅमेऱ्यासमोर भांडी घासते, त्याबद्दल तिने या कायद्याखाली दाद मागायची सोय नाही. आमच्यासाठी ते घरगुती नाही हो, ते कामाचं ठिकाण आहे.

गिरणगावकर, तुमच्या पॅकेजमध्ये हॉलमध्ये एक कॅमेरा आहे, म्हणालात. तुम्ही सर्व्हरचं बोललात, केबलचं बोललात, त्या कॅमेऱ्यासाठी एक ओळही लिहिली नाहीत.

गिरणगावकर

नाही लिहिली. खरं आहे. मला तो सुचलाच नाही, कारण तो माझ्याकडे बघणार नव्हता. आमच्याकडे येणाऱ्या मावशी चाळीपासूनच्या आहेत. आतला कॅमेरा रद्द, पॅकेज घेतलं तरी आणि नाही घेतलं तरी.

समुद्रपार

कांजूरची लेक, तुमच्या आईंचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. पण मला प्रामाणिकपणे सांगायचंय, बाबांच्या खोलीत कॅमेरा लावायचा विचार माझ्या डोक्यात आहे. आई रात्रीची त्यांना उचलू शकत नाही.

कांजूरची लेक

बाबांना विचारलंत का? त्यांना कळतं ना सगळं? मग त्यांनी हो म्हणायला हवं, तुम्ही नाही. माझ्या आईला कुणी विचारलं नव्हतं, माझी तक्रार तेवढीच आहे.

तारयंत्री

कॅमेऱ्याशिवायही होतं ताई. रडारवर चालणारे सेन्सर आलेत, माणूस पडला की ओळखतात, चित्र घेतच नाहीत. पूर्ण भरवसा ठेवू नका, कधी कधी उगाच वाजतात. पण बाबांच्या खोलीत तोच लावा.

आणि कॅमेरा दाराबाहेरचा असला तरी त्याचा मूळ पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट तासन्‌तास बंद पडल्या होत्या, तो हल्ला लोकांच्या घरातल्या कॅमेऱ्यांनी आणि रेकॉर्डरांनीच केला होता. मिराई नावाचा व्हायरस कारखान्यातला पासवर्ड टाकून त्यांच्यात शिरला होता.

मुलुंडचा सेक्रेटरी

मंडळी, अकरा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे. मला या धाग्यातलं कौतुक आणि भीती दोन्ही जास्त वाटतात.

आमच्या इमारतीतली सगळ्यात हुशार वस्तू म्हणजे पाण्याच्या टाकीतला सेन्सर. पालिकेचं पाणी ठरल्या वेळेला येतं, खालची टाकी भरते, पंप वर चढवतो. पूर्वी वॉचमनला डुलकी लागली की गच्चीवरून धबधबा. तानसा-भातशातून शंभर किलोमीटर चालत आलेलं पाणी आम्ही गटारात सोडायचो. आता वरची टाकी भरली की पंप आपोआप बंद, खालची रिकामी असेल तर सुरूच होत नाही. ना मोबाइल, ना आवाज. नऊ वर्षं झाली, एकदा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, बदलला.

विजेचा हिशेबही मांडून बघा. साधा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास धरले तर एका पंख्यामागे वर्षाला जवळजवळ २४५ युनिट वाचतात. आता पॅकेजमधली वीस उपकरणं हुकमाची वाट बघत दिवसरात्र जागी राहणार. प्रत्येकी एक वॅट धरला तरी वर्षाला १७५ युनिट. एका पंख्याने वाचवलेलं बरंचसं ही जागरणं खाणार. आवाजाने पडदा सरकवण्यासाठी मी तरी तेवढं देणार नाही.

१२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? सकाळी दहाला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी. त्या दिवशी आमच्याकडे एका नव्या भाडेकरूचं डिजिटल कुलूप बॅटरीवर व्यवस्थित उघडलं, हेही सांगतो. तंत्रज्ञान वाईट नाही. पण पैसे आधी पंखे, टाकी आणि वायरिंगवर घाला.

तारयंत्री

एक वॅट सगळ्यांना लागत नाही साहेब, झिगबीचे बॅटरीवरचे सेन्सर एका सेलवर वर्षभर जातात. वायफायच्या बल्बांबद्दल मात्र तुमचा मुद्दा मान्य.

समुद्रपार

काकूंनी डबा बघितला. त्यावर सिलिंडरच्या गॅसचंच नाव आहे. म्हणजे दोन वर्षं मी निर्धास्त होते त्या सेन्सरवर. आज इलेक्ट्रिशियन जाऊन मिथेनचा नवा बसवून आला, छतापासून वीतभर खाली. बाबांनी स्वतः स्टूल धरलं म्हणे. रडारचंही त्यांना विचारलं. म्हणाले, चित्र दिसणार नसेल तर लाव.

तारयंत्री दादा, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही.

गिरणगावकर

काल आईला घेऊन साइटवर गेलो. पॅकेजला नाही म्हणून कळवलं. न्यूट्रल आणि खोल डबे, दोन्ही लिहून घेतलं, जादा सहा हजार चारशे. पॅसेजमध्ये चाहुलीवर लागणारा दिवा घेतोय, पण तो सर्व्हरला न विचारता लागणारा, आणि शेजारी साधं बटण. पाइप गॅस आहे, सेन्सर वर.

बटण कुठे हवं म्हणून इलेक्ट्रिशियनने विचारलं. नकाशात साडेचार फूट होतं. आई काही बोलली नाही. तिने डोळे मिटले, बेडरूमच्या दारातून पॅसेजमध्ये आली आणि कच्च्या विटांवर हात टेकला. इलेक्ट्रिशियनने कानामागची पेन्सिल काढली आणि तिच्या बोटांच्या वर फुली मारली. टेपने मोजलं, तीन फूट दहा इंच.