लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज सेंटरमध्ये व्हावं का? माझं मत: व्हावं, पण पट्टी बांधता येत असेल तरच

गोदाकाठ (धागाकर्ती)

नाशिकमध्ये माझं बायकांसाठीचं मसाज सेंटर आहे. बाळंतिणींचं मालिश आणि पाठ-मान दुखणाऱ्या बायका हे मुख्य काम. काही वर्षांपासून लिम्फॅटिक ड्रेनेजही करते. परवा एका कार्यक्रमात एक फिजिओथेरपिस्ट म्हणाले, "मालिशवाल्यांनी सुजलेल्या हाताला हात लावायचाच नाही." मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. रक्तवाहिन्यांतून पेशींभोवती पाझरलेलं पाणी सगळंच शिरांवाटे परत जात नाही. उरलेलं लसिकावाहिन्या (लिम्फॅटिक) गोळा करतात आणि गळ्याच्या हाडामागे पुन्हा रक्तात सोडतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं की ही वाट तुटते आणि हात सुजू शकतो. कधी लगेच, कधी दोन-तीन वर्षांनी. साधारण पाचातल्या एकीला हा त्रास होतो. ड्रेनेजमध्ये ते पाणी शाबूत असलेल्या वाटांकडे वळवायचं असतं. म्हणून सुरुवात सुजलेल्या हातापासून करतच नाहीत. आधी मान, मग दुसऱ्या बाजूची काख, त्याच बाजूची जांघ आणि शेवटी हात, तोही दंडापासून सुरू करून खाली. तेल लावत नाही, कारण कातडी हलकी ताणून सोडायची असते. वाहिन्या त्वचेच्या अगदी लगत असतात, त्यामुळे दाब इतका कमी की पहिल्यांदा येणारी बाई विचारते, "झालं? एवढंच?"

आता मुद्दा. हे तंत्र रुजवलं ते एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश जोडप्याने. १९३० च्या दशकात ते फ्रान्समधल्या कान (Cannes) शहरात मालिशचं काम करत, १९३६ मध्ये त्यांनी पॅरिसला ते लोकांसमोर मांडलं. दोघंही वैद्यकीय डॉक्टर नव्हते. मग मालिश करणारीने याला शिवायचं नाही हा नियम आला कुठून?

पण आमच्या धंद्यातल्या लोकांनाही मला तेवढंच ठासून सांगायचंय. शनिवार-रविवारचा कोर्स करून, सर्टिफिकेट भिंतीवर लावून ड्रेनेज सुरू करायचं आणि पट्टी बांधायला शिकायचंच नाही, हे चुकीचं आहे. बाई टेबलावरून उतरली की हात पुन्हा भरायला लागतो. ते भरणं अडवते ती पट्टी. आधी सुती नळी चढवायची, मग प्रत्येक बोट वेगळं गुंडाळायचं, वर कापसाचं अस्तर, आणि त्यावर कमी ताणाच्या पट्ट्या, मनगटाशी जास्त दाब आणि दंडाकडे कमी होत जाणारा. नेहमीचं क्रेप बँडेज इथे चालत नाही. ते फार ताणतं, हात हलताना हवा तसा आधार देत नाही आणि निजलेल्या हाताला मात्र आवळत राहतं. बांधून झालं की नखं दाबून बघायची, गुलाबी रंग लगेच परत आला पाहिजे. हे येत नसेल तर सुजलेला हात घेऊ नका.

कृष्णाकाठचा फिजिओ

ताई, तुमचा इतिहास अर्धा आहे. मालिश, दाब आणि व्यायाम यांची सांगड विनिवार्टर नावाच्या शल्यचिकित्सकाने व्होडरांच्या कितीतरी आधी, १८९२ मध्ये मांडली होती. पुढे व्होडरांच्या तंत्राला पट्टी, व्यायाम आणि त्वचेची निगा जोडून त्याचा पूर्ण उपचार केला तो जर्मनीत, फोल्डी या डॉक्टरांनी. तुम्ही ज्या पट्टीचं इतकं कौतुक करताय ती दवाखान्यातून आली आहे.

पण माझा खरा आक्षेप इतिहासावर नाही. हात कसा फिरवायचा हे शिकता येतं. सूज कशाची आहे हे कोण ठरवणार? दोन्ही पाय सुजले असतील तर हृदय किंवा किडनी बघावी लागते, आणि हृदय थकलेलं असताना ते पाणी रक्तात ढकललं तर दम लागू शकतो. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर शिरेत गुठळी असू शकते. आणि कॅन्सर होऊन गेलेल्या बाईचा हात अचानक सुजला तर आजार परत आला नाही ना, हे आधी पाहायचं. तुमच्या टेबलावर हे कसं कळणार?

शिवाय आमची नोंदणी परिषदेकडे असते. माझ्या हातून चूक झाली तर पेशंटला तक्रार करायला जागा आहे. तुम्ही गुमास्ता लायसन्सवर चालता. तुमच्याविरुद्ध बाईने कुठे जायचं?

वेलदोडा

मी ती सुजलेल्या हाताची बाई. कोल्हापूरची. डाव्या बाजूचं ऑपरेशन, काखेतल्या गाठी काढल्या, रेडिएशन झालं. सूज आली तेव्हा सगळ्यात आधी बांगड्यांनी सांगितलं. डाव्या हातातल्या चढेनात. मग ब्लाउज. शिंपीणबाईंना डावी बाही वेगळ्या मापाची शिवायला सांगते, आणि दुकानात चार बायकांसमोर ते सांगताना अजूनही जिवावर येतं.

मला दोन्हीकडचे अनुभव आहेत, म्हणून लिहिते. एका मसाज सेंटरमध्ये "ड्रेनेज करतो" म्हणाले आणि तेल लावून हात जोर काढून रगडला. रात्री हात लाल, गरम, अंगात ताप. ॲडमिट होऊन सलाइनमधून अँटिबायोटिक घ्यावी लागली. आणि एका फिजिओथेरपी सेंटरमध्ये हवेच्या दाबाचं मशीन हातावर चढवून पडदा ओढून निघून गेले. पाऊण तासाने येऊन मशीन काढलं, इतकंच. मान नाही, काख नाही, पट्टी तर नाहीच.

शेवटी ज्यांनी बरं केलं त्यांनी पहिल्या दिवशी मला झोपवलंसुद्धा नाही. पेनाने मनगटापासून वर दर दहा सेंटिमीटरवर खुणा केल्या, दोन्ही हात टेपने मोजले आणि वहीत लिहिलं. दर खेपेला तेच. त्यामुळे मलाही दिसायला लागलं की पट्टी आळसाने सोडली त्या आठवड्यात आकडा वर गेलाय. त्या फिजिओ आहेत की मालिशवाल्या हे मी विचारलं नव्हतं, पण त्यांनी डॉक्टरांची फाइल मागितली होती.

उलटतपासणी

भावना समजते, पण पुराव्याकडेही बघू या. स्तनाच्या कॅन्सरनंतरच्या सुजेत हाताने केलेल्या ड्रेनेजचा कॉक्रेनने (वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) २०१५ मध्ये आढावा घेतला. हाती ६ चाचण्या होत्या. निष्कर्ष असा की उपचार सुरक्षित आहे, नुसत्या पट्टीपेक्षा पट्टी अधिक ड्रेनेजने सूज थोडी जास्त उतरू शकते, विशेषतः सौम्य ते मध्यम असेल तर. हाताचं काम आणि रोजचं जगणं यात किती फरक पडतो याची उत्तरं मात्र गोंधळाची निघाली. म्हणजे मोठा वाटा पट्टीचाच आहे.

मग तासभराच्या मालिशचे पैसे कशाला? पट्टी शिकवा, मापाची दाबाची बाही घ्यायला सांगा, व्यायाम द्या. "त्या हाताने काही उचलू नका" असं बायकांना वर्षानुवर्षं सांगत आलो. २००९ मध्ये अमेरिकेतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. हात सुजलेल्या १४१ बायका, त्यातल्या निम्म्यांना देखरेखीखाली हळूहळू वजनं उचलायला लावली. सूज वाढली नाही, उलट सूज अचानक भडकण्याचे प्रसंग कमी झाले. हे मसाज सेंटरच्या दरपत्रकात कुठे दिसतं का?

गोदाकाठ (धागाकर्ती)

@उलटतपासणी, पट्टीचा वाटा मोठा हे तर मी शीर्षकातच लिहिलंय. पण छातीवर, पाठीवर, काखेच्या कडेला सूज येते तिथे पट्टी कशी बांधणार? तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हनुवटीखाली आणि गालावर सूज असते. चेहऱ्याला रात्रभर पट्टी बांधून झोपून दाखवा. महाराष्ट्रात तंबाखूमुळे असे पेशंट किती आहेत हे सांगायला नको. तिथे हातच कामाला येतो. आणि मी बायकांना घरी स्वतः करायचं ड्रेनेज शिकवते. त्यांनी माझ्याकडे वर्षानुवर्षं यावं असं मला वाटत नाही.

@कृष्णाकाठचा फिजिओ, तपासणीबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. सूज कशाची हे मी ठरवत नाही. डॉक्टरांचा कागद नसेल तर पहिल्या दिवशी फक्त बोलणं होतं. ताप, लाली, हात गरम, यातलं काहीही असलं की टेबलच नाही, थेट दवाखाना. दोन्ही पाय सुजलेल्या आजींना कितीदा परत पाठवलंय, त्या रागावून गेल्या तरी. पण सांगलीत, नाशकात, जळगावात या कामाचं पूर्ण शिक्षण घेतलेले तुमच्यापैकी किती जण आहेत? फिजिओची पदवी आहे म्हणजे ड्रेनेज येतंच असं नाही. वेलदोडाताईंचं मशीन त्याचंच उदाहरण आहे.

रूपसाधना

ताई, तुम्ही फार घाबरवताय. आमच्या पार्लरमध्ये निरोगी बायकांना लिम्फॅटिक फेशियल आणि बॉडी ड्रेनेज देतो. आजारी कुणी नसतं. डोळ्यांखालची फुगी उतरते, अंग हलकं वाटतं, शरीरातले टॉक्सिन निघतात. लग्नसराईत खूप मागणी असते. त्यासाठी एवढं शिक्षण, पट्टी, कागद कशाला?

गोदाकाठ (धागाकर्ती)

@रूपसाधना, फुगी थोडा वेळ उतरते, हलकं वाटतं, हे मान्य. तेवढंच सांगून विका, माझी काही हरकत नाही. पण "टॉक्सिन निघतात" हे लिहू नका. रक्तातली घाण काढायचं काम यकृत आणि किडनी करतात. वजन कमी होतं असंही लिहू नका, हलतं ते पाणी, चरबी जागच्या जागी राहते. तुमच्या पाटीवर हे वाचलेली बाई सुजलेला हात घेऊन तुमच्याकडेच येणार, आणि तुमची मुलगी तो तेल लावून रगडणार. कॅन्सरसारख्या आजारावर उपचार करतो अशी जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे आपल्या धंद्यातल्या प्रत्येकीला माहीत असायला हवं.

आणि लायपोसक्शन (चरबी ओढून काढायचं ऑपरेशन) करून थेट तुमच्याकडे येतात, त्या निरोगी कशा? टाके ओले असतात. ज्याने ऑपरेशन केलं त्या सर्जनला विचारल्याशिवाय त्यांना हात लावू नका.

झाडीपट्टी

तुम्ही सगळे हातावर बोलताय. आमच्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीत सूज म्हणजे पाय, आणि कारण हत्तीरोग. क्युलेक्स डास चावतो, जंत लसिकावाहिन्यांत घर करतात, वर्षं जातात आणि पाय खांबासारखा होतो. मी आरोग्य विभागात काम केलंय. रात्री घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, कारण जंतांची पिल्लं रात्रीच रक्तात फिरतात. जंत मारायच्या गोळ्या घरोघरी वाटून होतात, पण सुजलेला पाय गोळीने उतरत नाही.

या माणसांना ना तुमचं सेंटर परवडतं ना फिजिओ. धान लावणीत चिखलात उभं राहणाऱ्या बाईला पट्टी बांधून घरी बसा म्हणायचं? तिला जे जमतं ते सांगायचं. रोज साबणाने पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्या सुती कापडाने टिपून कोरड्या करायच्या, भेग किंवा बुरशी दिसली की मलम, बसताना-निजताना पाय उंच, आणि चप्पल. एवढ्यानेही तापाचे झटके कमी होतात, आणि प्रत्येक झटका पाय आणखी जाड करून जातो. केरळात कासरगोडला एका त्वचारोग संस्थेने हेच धुणं-पुसणं, पट्ट्या, योगासनं आणि आयुर्वेद एकत्र करून हत्तीपायावर चांगलं काम उभं केलंय, आणि त्यात घरच्या माणसालाही शिकवतात. माझं मत दोघांच्याही विरोधात आहे. हे काम ना फिजिओचं राखीव असावं ना मसाज सेंटरचं. आशाताईला आणि घरच्या सुनेला ते यायला हवं.

वेलदोडा

झाडीपट्टी, अगदी बरोबर. माझी पट्टी आता माझा मुलगा बांधतो. धुऊन, सावलीत सपाट वाळवून, गुंडाळूनही तोच ठेवतो. मे महिन्यात त्या पट्टीखाली जे होतं ते मात्र कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत. घामोळं, खाज, आणि खाजवलं की जखमेची भीती. गोदाकाठताई, उन्हाळ्यात तुम्ही काय सांगता?

गोदाकाठ (धागाकर्ती)

@वेलदोडा, उन्हाळ्यात दुपारी पट्टी उतरवून हात धुवायचा, पूर्ण कोरडा करायचा, साधं बिनवासाचं क्रीम लावायचं, जरा वारा लागू द्यायचा आणि पुन्हा बांधायची. दिवसा बाही आणि रात्री पट्टी अशी विभागणी करता येते का, तेही तुमच्या थेरपिस्टना विचारा. सुतीनळी रोज बदला, दोन-तीन जास्तीच्या ठेवा. आणि बाही सहा महिन्यांत सैल पडते. दिसायला चांगली असली तरी दाब गेलेला असतो, तेव्हा बदलाच.

@झाडीपट्टी, घरच्यांना शिकवण्याबद्दल काही दुमत नाही. पण पहिले दोन-चार आठवडे, हात टणक आणि भरलेला असताना, रोज कुणीतरी शिकलेलं माणूस लागतं. तेवढ्या काळापुरतं मी माझ्या व्यवसायाचं स्थान मागतेय.

कृष्णाकाठचा फिजिओ

गोदाकाठताई, तुम्ही कागद मागता, मापं घेता, परत पाठवता. तुमच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, माझे पेशंटही तुमच्याकडे पाठवेन. आमच्यातल्या मशीन लावून निघून जाणाऱ्यांबद्दल तुम्ही बोललात तेही खरं आहे. पण नियम एका चांगल्या बाईकडे बघून करत नाहीत. परदेशात या उपचाराचं प्रमाणपत्र १३५ तासांच्या शिक्षणावर मिळतं, आणि तिथेही आधीची आरोग्यक्षेत्रातली किंवा मसाजची मान्य पात्रता लागते. आपल्याकडे मसाज थेरपिस्टसाठी ना तशी परिषद, ना तासांची अट. ती यावी म्हणून तुम्ही लोकांनी मागणी करा, मी सहीला येईन. ती येईपर्यंत डॉक्टरांच्या कागदाशिवाय कुठल्याही सेंटरने सुजलेला हात किंवा पाय घेऊ नये, या मतावर मी ठाम आहे.

गोदाकाठ (धागाकर्ती)

पहिल्या वेळी कागद हवाच, मान्य. उपचाराच्या दर नव्या फेरीला नवा कागद मात्र मला मान्य नाही. सिन्नरहून, इगतपुरीहून बस पकडून येणाऱ्या बाईला तीच सूज, तोच हात, मापंही वहीत असताना पुन्हा ओपीडीच्या रांगेत उभं करायचं नाही. मापं अचानक बदलली किंवा काही नवं दिसलं तर मी स्वतः पाठवते. सहीचं मात्र नक्की करू. मसुदा मी लिहायला घेते, तासांची अट किती असावी ते तुम्ही सुचवा.