मान खाली घातली की कमरेत कळ. मदत हवी आहे

खडूफळा

नमस्कार मंडळी. वय ४१, नाशिकला माध्यमिक शाळेत शिक्षक. बरेच दिवस एक विचित्र दुखणं मागे लागलंय.

वर्गात उभं राहून शिकवताना काही त्रास नाही. पण पलंगावर पाय लांब करून, भिंतीला टेकून पेपर तपासायला घेतले आणि मान खाली घातली, की कमरेत उजवीकडे, पट्ट्याच्या जरा खाली सणकन कळ जाते. मान वर केली की गायब. खुर्चीत बसून मान घातली तर जवळजवळ काहीच नाही. कधी कधी मांडीच्या मागून गुडघ्यापर्यंत ओढ लागते. शिंक येणार असं वाटलं की हात आपोआप कमरेवर जातो. ताप नाही, वजन उतरलेलं नाही.

डॉक्टरांना मानेचं सांगायला गेलो तर "मान दुखते का? नाही ना? मग झालं" म्हणाले. गोळ्या, मलम आणि पुढचा पेशंट. सासूबाईंच्या मते उसण भरलीय. शेजारचे काका तर पायाळू माणूस शोधून कमरेत लाथ मारून घे म्हणतात.

मानेचा आणि कमरेचा संबंध काय? हाडांच्या डॉक्टरकडे जाऊ की न्यूरोकडे? पट्टा लावू का?

चहाबाज

पायाळू आमच्या आळीत आहे, पाठवू का? गंमत सोडा, पण पलंगावर बसून पेपर तपासणं आधी बंद करा. त्या बसण्यात कमरेची हालत होतेच.

सावरी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता निदान करता येणार नाही, पण संबंध नक्की सांगता येईल.

मज्जारज्जूभोवती ड्यूरा नावाचं चिवट आवरण असतं. ते कवटीच्या आतून सुरू होतं आणि पार माकडहाडाच्या वर, त्रिकास्थीपर्यंत जातं. मज्जारज्जू स्वतः कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, त्याखाली नुसता नसांचा झुबका. मान पुढे वाकवली की मणक्यांच्या आतली ही नळी लांबते आणि ओढ खालपर्यंत पोचते. परकराची नाडी एका टोकाला ओढली की नेफ्यातून दुसऱ्या टोकापर्यंत सरकते, तसं. कमरेत एखाद्या नसेच्या मुळाला दोन मणक्यांमधल्या गादीचा (डिस्कचा) फुगवटा टेकलेला असेल, तर नाडी तिथे अडते आणि कळ येते.

आता पाय लांब का महत्त्वाचे ते बघा. गुडघा सरळ असला की सायटिक नस (कमरेतून मांडीच्या मागून पायात जाणारी) खालून ताणली जाते, वरून मान ओढते. खुर्चीत गुडघा दुमडलेला, म्हणून नस सैल. आम्ही स्लम्प टेस्ट करतो ती हीच. खुर्चीत पाठ मुद्दाम गोल करून बसवायचं, मान खाली, मग एक-एक गुडघा सरळ करायला सांगायचं. गुडघ्यामागे ताण निरोग्यालाही जाणवतो, तो मोजायचा नाही. नेहमीचीच कळ यायला हवी आणि नुसती मान वर केल्यावर ती कमी व्हायला हवी, तर नसेवर संशय घ्यायचा. शिंकेने दुखणंही त्यात बसतं, कारण शिंकताना मणक्याच्या आतला दाब वाढतो. गादीचं दुखणं बहुतेक वेळा कमरेचा चौथा-पाचवा मणका किंवा त्याखालचा सांधा इथलं असतं.

नुसता स्नायू आखडला तरी मान वाकवून पाठ दुखते, कारण पाठीचे लांब स्नायू कमरेपासून मानेपर्यंत गेलेले असतात. पण मग दुखणं पसरट असतं, दाबलं की सापडतं, आणि गुडघा सरळ असो की दुमडलेला, फारसा फरक पडत नाही.

वांगीभात

माझं उलटं होतं. मान खाली घातली की दोन खवाट्यांच्या मध्ये ठणकायचं. मी पाठीला तेल चोळत बसले, निघाली मानेतली खालची गादी. खवाट्यांमधलं दुखणं मानेतून येऊ शकतं हे तेव्हा कळलं.

सावरी

अगदी. आणि एक वेगळा प्रकार सगळ्यांनी ध्यानात ठेवा. मान वाकवताच कण्यातून खाली करंट गेल्यासारखं झालं, हातापायांत झिणझिण्या आल्या, तर त्याला लर्मिट साइन म्हणतात. ते कमरेचं नसतं, मानेतल्या मज्जारज्जूचं असतं. तिथे दाब असेल, मल्टिपल स्क्लेरोसिस (नसांवरचं आवरण खराब करणारा आजार) असेल किंवा बी-१२ ची कमतरता. शुद्ध शाकाहारी मंडळींनी तर बी-१२ बघूनच घ्यावं. असं होत असेल तर थेट न्यूरोलॉजिस्ट.

ताप, डोकेदुखी आणि मान खाली जातच नाही, तर मेंदूज्वराची शंका, तडक हॉस्पिटल. लघवी अडकणं किंवा कळेनाशी होणं, बैठकीची जागा बधिर होणं, पाऊल लुळं पडणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत जाणारं वजन असेल तर मणक्याचा टीबी तपासायला हवा, आपल्याकडे तो दुर्मीळ नाही.

खडूफळा

करंट वगैरे नाही. आत्ता खुर्चीत करून पाहिलं. पाठ गोल, मान खाली, उजवा गुडघा सरळ केला आणि तीच कळ! मान वर केली, गेली. डावीकडे काही नाही. बायको म्हणते आता सारखं सारखं करून बघू नकोस.

सावरी

बायकोचं ऐका. नस चिडलेली असताना तिला पुन्हा पुन्हा ताणायचं नसतं. म्हणूनच सकाळी उठून पायाचे अंगठे धरायचे व्यायाम सध्या बंद. एकदाच फक्त टाचांवर आणि मग चवड्यांवर चार पावलं चालून बघा. दोन्ही पाय सारखे उचलले जात असतील तर घाई नाही. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा, आणि "मान खाली घालून पाय सरळ केला की दुखतं, मान उचलली की थांबतं" हे याच शब्दांत सांगा. ताकद कमी नसेल तर बहुतेक डॉक्टर लगेच एमआरआय काढत नाहीत. अशा नसा बऱ्याच जणांच्या सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय शांत होतात. पूर्ण झोपून राहू नका, सपाट रस्त्यावर झेपेल तेवढं चाला. पट्टा एसटीच्या प्रवासापुरता, दिवसभर नको.

पेपर टेबलावर, खाली दोन जाड पुस्तकं ठेवून तिरप्या पाटावर. आणि पायाळूची लाथ अजिबात नको, गादी सरकलेली असेल तर महागात पडेल.

चहाबाज

आमच्या पायाळूचा धंदा बुडवला तुम्ही.