उ. : सपाट रेघेतही आवाज असतो

रेकॉर्डिंगमधून एकेका ठोक्याचा तुकडा (सॅम्पल) कसा कापायचा या चर्चेत 'वेव्हफॉर्ममध्ये (पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखात) सुळका दिसतो तिथून रेघ सपाट होते तिथपर्यंत कापायचं, कान थकतात, डोळे थकत नाहीत' असं एकाने लिहिलंय. ड्रमसेटच्या किक, स्नेअरला चालून जाईल. तबल्याला नाही.

मी असेच डग्ग्याचे 'घे' कापले होते. सुटे ऐकताना ठीक वाटले, ठेक्यात लावले आणि डग्गा चक्क पत्र्याचा डबा झाला! कारण साधं आहे. -४० डेसिबलचा (कमाल पातळीच्या ४० डेसिबल खालचा) आवाज पडद्यावर पूर्ण उंचीच्या शंभराव्या भागाएवढा दिसतो, म्हणजे जवळपास सरळ रेघ. पण मनगट सरकवून काढलेली मींड (सरकता सूर) नेमकी आवाजाच्या त्या शेपटात विरत जाते, आणि कानाला ती स्वच्छ ऐकू येते. आता मी शेवट डोळे मिटून ठरवतो, तोही ठेका चालू ठेवून, सुटा बोल ऐकून नव्हे.

१९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पलरवर (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रावर) तर वेव्हफॉर्म दिसायचाच नाही. जेमतेम दहा सेकंदांची मेमरी, सुरुवात-शेवटाचे आकडे सरकवायचे आणि पॅड बडवून ऐकायचं. हिपहॉपमधले कितीतरी गाजलेले ठेके असेच कापलेत.

डोळ्यांचं काम मला दोनच ठिकाणी पटतं. कापताना टिक् येऊ नये म्हणून शून्य रेषा गाठायला, आणि एकच वाद्य टिपणारे दोन माइक जुळवायला. वाद्यापासूनच्या अंतरात ३४ सेंटिमीटरच्या फरकाने साधारण एक मिलिसेकंद उशीर होतो, तो पडद्यावर झटकन सापडतो. (तरी फेज उलटवून, म्हणजे एका माइकची लहर उलटी करून, एकदा ऐकतोच, सवय.)