‘कॉम्पॅटिबल’ला सुसंगत म्हणायचं, चालतं म्हणायचं का जुळतं?

– टीमसाठी कुबरनेटीस (अनेक मशिन्सच्या क्लस्टरवर कंटेनर चालवणारी सिस्टीम) अपग्रेडच्या सूचना मराठीत लिहितेय. प्रत्येक ॲड-ऑनपुढे (क्लस्टरला जोडायचे पूरक भाग) ‘कॉम्पॅटिबल व्हर्जन’ असा रकाना आहे, म्हणजे कोअरडीएनएस, क्यूब-प्रॉक्सी, सीएनआय, मेट्रिक्स-सर्व्हर वगैरे सगळ्यांना. ‘सुसंगत’ फार पुस्तकी वाटतं, बोलताना सगळे ‘चालतं’च म्हणतात, तेच लिहू का? आणि डेप्रिकेटेडला (पुढे काढणार असं जाहीर झालेलं) ‘कालबाह्य’ बरोबर आहे का?

– ‘चालतं’ नको, प्लीज. ‘चालतं’ म्हणजे सुरू होतं आणि ‘चालतं’ म्हणजे हरकत नाही, दोन्ही अर्थ आहेत आणि अपग्रेडच्या वेळी नेमका तिथेच घोळ होतो. क्लस्टर ऑटोस्केलरचंच घ्या (गरजेप्रमाणे मशिन्स वाढवतो-कमी करतो तो), त्याचं मायनर व्हर्जन (१.३१ मधलं ३१) क्लस्टरच्या मायनर व्हर्जनाइतकंच ठेवा असं ते बनवणारेच सांगतात, आता एक मागचं टाकलं तर त्याचा पॉड (कंटेनर चालतो ते युनिट) उठेल, लॉगही शांत दिसेल, म्हणून ‘चालतंय की’ म्हणून मोकळं व्हायचं? ते जुळतं की नाही हा वेगळाच प्रश्न आहे. मी तरी ‘जुळतं’ लिहीन, कारण ‘जुळतं’ म्हटलं की ‘कशाशी?’ हे आपोआप विचारलं जातं.

– ‘जुळतं’ला माझंही मत, फक्त दिशा लिहा. क्यूबलेट (प्रत्येक नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या मशीनवर, असणारा एजंट) एपीआय सर्व्हरच्या (क्लस्टरचा मध्यवर्ती सर्व्हर) ३ मायनर व्हर्जन मागे असलेला जुळतो (१.२८ च्या आधी ही सूट २ च होती), पण पुढे एकसुद्धा नाही. म्हणजे सर्व्हर १.३१ वर असेल तर १.२८ चा क्यूबलेट जुळतो आणि १.३२ चा नाही. क्यूबसीटीएलला (आपण कमांड देतो ते टूल) मात्र एक मागे, एक पुढे, दोन्ही मुभा. नुसतं ‘सुसंगत’ वाचून माणसाला वाटतं दोन्हीकडून सारखंच असणार, आणि मग तो आधी नोड्स अपग्रेड करायला जातो.

– कालबाह्य चुकीचंच आहे, ते वाचून वाटतं आता बंद पडलं. पॉडसिक्युरिटीपॉलिसी (पॉड्सना काय करता येईल ते ठरवणारा नियम) १.२१ मध्ये डेप्रिकेटेड झाली आणि काढली १.२५ मध्ये, मधल्या सगळ्या व्हर्जन्समध्ये ती व्यवस्थित काम करत होती, नुसती वॉर्निंग यायची. एखाद्या ॲड-ऑनच्या जुन्या हेल्म चार्टमध्ये (इन्स्टॉल करायचं तयार पॅकेज) ती राहून गेली असेल तर १.२४ वर काही होत नाही, १.२५ वर तोच चार्ट नव्याने टाकायला गेलं की असा प्रकारच माहीत नाही म्हणून एरर येते. आम्ही सरळ ‘जाणार’ आणि ‘गेली’ लिहितो, ‘१.२१ पासून जाणार, १.२५ ला गेली’, कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

– ‘जाणार/गेली’ मस्त आहे, घेतलं! रकान्याचं नावही ‘कोणत्या क्लस्टर व्हर्जनशी जुळतं’ करते. आता ‘डीफॉल्ट व्हर्जन’ राहिलं. ईकेएसमध्ये (ॲमेझॉनची कुबरनेटीस सेवा) एका क्लस्टर व्हर्जनला एकाच ॲड-ऑनची बरीच व्हर्जन्स जुळतात, त्यातलं एक डीफॉल्ट असतं, पण ते सगळ्यात नवं असेलच असं नाही.

– ‘न सांगता मिळणारं’ लिहा. आणि खाली एक ओळ टाकाच, की क्लस्टर अपग्रेड केल्यावर तिथे हे ॲड-ऑन आपोआप पुढे सरकत नाहीत, ते आपणच करायचं असतं.