जर्मनीत नर्सची नोकरी : ऑफर आली आहे, पण धीर होत नाही

नमस्कार. मी नाशिकची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), आयसीयूत स्टाफ नर्स. जर्मन भाषेची बी1 पातळी झालीय आणि श्टुटगार्टजवळच्या एका हॉस्पिटलची ऑफर आली आहे. (2024मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून आमच्याकडे हाच विषय. माझं मात्र खासगी एजन्सीतून आहे.) सही करायला हात धजत नाही.

सगळ्यात जास्त धास्ती रेकग्निशनची, म्हणजे आपल्या शिक्षणाला तिथे मान्यता मिळण्याची. आपला डिप्लोमा तिकडे थेट चालत नाही. मान्यता मिळेपर्यंत सहायक म्हणून काम, पगारही कमी. मान्यतेच्या परीक्षेत नापास झाले तर परत पाठवतील का? इथली कायम नोकरी सोडून रिकाम्या हाताने परतायचं, या विचाराने झोप लागत नाही.

दुसरं, भाषा. क्लासमधलं जर्मन कळतं, पण म्हाताऱ्या पेशंटची श्वाबी बोली? रात्रपाळीत डॉक्टरांची फोनवरची ऑर्डर चुकीची ऐकली तर? पेशंटच्या जिवाशी गाठ आहे.

एजन्सी दीड लाख ‘फाइल चार्ज’ मागतेय. तीन वर्षांच्या आत सोडलं तर खर्च परत करा, असंही करारात आहे. घरी आई एकटी, तिला शुगर आहे. कुणी गेलं असेल तर खरं सांगा.

प्रतिसाद

ताई, मी सांगलीची, जर्मनीत उल्ममध्ये नर्स आहे. आधी पैशांचं. आत्ता लगेच एक रुपयाही देऊ नका. आधी भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटची नोंदणी बघा. नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. परतफेडीची रक्कम आकड्यात लिहिलेली आणि महिन्यागणिक कमी होत जाणारी नसेल, तर सही नको.

परीक्षेत जो भाग राहील तो एकदा परत देता येतो. परीक्षेऐवजी ‘अनपासुंग्सलेअरगांग’ही असतो : काही महिने वॉर्डात शिकत काम, शेवटी फक्त चर्चा. हॉस्पिटल यातलं काय करवून घेतं, तयारीला ड्युटीतून वेळ देतं का, हे ईमेलवर विचारा. उत्तर टाळलं तर ते हॉस्पिटल सोडा. भाषेची पुढची पातळी, बी2, जमेल तितकी तिथेच उरका, इथे शिफ्ट करून क्लासला बसणं जिवावर येतं.

श्वाबीला कान हळूहळू सरावतो. ऑर्डर मात्र प्रत्येक वेळी परत म्हणून दाखवायची, इथे त्याचं कुणाला वावगं वाटत नाही. मान्यतेआधी वॉर्डाची जबाबदारी तुमच्या एकटीवर येत नाही.

तुम्ही न विचारलेली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. इथे पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं नर्सच करते. नातेवाईक बसलेले नसतात, मावशी नसतात. आयसीयूतून आलेल्या मुली व्हेंटिलेटरला घाबरत नाहीत, पण याने खचतात. मनाची तयारी आहे का, ते आधी बघा.

आईसाठी रजा किती, तेही करारात तपासा. सार्वजनिक क्षेत्राचा वेतनकरार लागू असलेल्या हॉस्पिटलांत पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाचे 30 दिवस मिळतात. नावं झाकून करार इथे टाका, कलमं मी वाचून सांगते.