शब्दचर्चा : सी-प्लेनला काय म्हणावं?

प्रश्न : पाण्यावर उतरणाऱ्या आणि पाण्यावरून उडणाऱ्या सी-प्लेनला बातम्यांत कधी 'सागरी विमान' लिहितात, कधी 'जलविमान'. बरोबर कोणतं?

उत्तर : 'जलविमान' लिहा. 'सागरी' म्हटलं की वाचणाऱ्याचा गैरसमज होतो. २०१४ मध्ये जुहूहून निघालेलं विमान लोणावळ्याजवळ पवना धरणाच्या पाण्यावर उतरत होतं. २०२० मध्ये साबरमती नदीवरून केवडियाला सेवा सुरू झाली. यात समुद्र कुठे आला? फ्रेंच अभियंते आंरी फाब्र यांनी २८ मार्च १९१० ला असं पहिलं विमान उडवलं, ते फ्रान्समधल्या बेर सरोवरावरून, आणि फ्रेंच लोक अशा विमानाला आजही 'पाणी' या अर्थाच्या शब्दावरून पडलेल्या नावानेच ओळखतात.

पण 'जलविमान' हे सगळ्या घराण्याचं नाव आहे, हे विसरू नका. साध्या विमानाला चाकांच्या जागी दोन लांबट फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारे पोकळ भाग, बसवले, तर पोट पाण्याच्या वर राहतं. 'उडती नौका' वेगळी, तिचं पोटच पाण्यात बसतं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीच्या अशा नौका कराचीहून कलकत्त्याकडे जाताना राजसमंद आणि ग्वाल्हेरच्या तलावांवर उतरत. आणि ज्याला चाकंही असतात, ते 'उभयचर'. जुहूच्या धावपट्टीवरून निघून धरणात उतरणारं विमान उभयचरच असणार, त्याला नुसतं जलविमान म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

प्रश्न : फ्लोटच्या तळाला मध्येच एक टप्पा दिसतो. त्याला काही शब्द?

उत्तर : 'पायरी' म्हणा, इंग्रजीतही तेच म्हणतात. गुळगुळीत, अखंड तळाला पाणी धरून ठेवतं, विमान कितीही जोर लावो, सुटत नाही. पायरीपाशी तळ एकदम वर उचललेला असतो, तिथे हवा शिरते आणि पाण्याची पकड तुटते. मग वेग वाढला की मागचा भाग कोरडा होतो, विमान पायरीपुढच्या भागावर घसरत धावतं आणि उडतं. हा शब्द 'खाच' असा करू नये, खाच म्हणजे आत कोरलेली.

प्रश्न : आणि वॉटर एरोड्रोम, म्हणजे जलविमानं जिथे उतरतात आणि जिथून उडतात ती जागा? 'जलतळ' कसा वाटतो?

उत्तर : नको. मराठीत जलतळ म्हटलं की पाण्याचा तळ, गाळ डोळ्यांपुढे येतो. 'जलविमानतळ' लांब आहे, पण अर्थ चुकत नाही.