मदत हवी आहे: "आमच्यालाही गाडीतून न्या ना" याला नाही कसं म्हणायचं?

मी लेकीला रोज गाडीने शाळेत सोडते हे कळल्यापासून वर्गातल्या पालकांचं "तुम्ही जाताच आहात, आमच्यालाही घ्या ना" सुरू झालंय. एकीला हो म्हटलं की दुसरीला कोणत्या तोंडाने नाही म्हणू? तिथून मी थेट ऑफिस गाठते. कुणाचं मूल खाली यायला रेंगाळलं की सगळंच कोलमडतं. शिवाय दुसऱ्याच्या लेकराची जबाबदारी, अगदी सीटबेल्ट लावण्यापासून, मला खरंच नकोय. (आणि लेक मनातलं बोलते ती त्याच वेळात!)

खोटी कारणं नकोत, ती अंगाशी येतात. संबंधही बिघडवायचे नाहीत, मुली एकाच बाकावर बसतात. तुसडेपणा न वाटेल असं नेमकं वाक्य सुचवा प्लीज. आणि "फक्त आजच्या दिवस" आलं तर?